मालकांचा फोन

"हात लावायचा नाही सांगून ठेवते!"

क्रेनवाल्याने अजून हुक हातातसुद्धा घेतला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबकळत असताना, धाडधाड जिना उतरून आली आणि गाडीच्या बॉनेटला पाठ लावून उभी राहिली.

जुनी निळी गाडी. चारही टायर बसलेले, पण काचा अशा लख्ख की आजच कुणी पुसल्या असाव्यात.

"ताई, जरा ऐकून तरी घ्या," तो म्हणाला.

"काय ऐकू? त्या वॉचमनने चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून माझ्या दाराची वाट लावली. त्याचं ऐकलं का मी? आता तुम्हाला पुढे केलंय होय!"

पार्किंगवरून भांडणारे भाडेकरू क्रेनवाल्याला काही नवे नव्हते. शिव्या खाणं हा तर धंद्याचाच भाग. एका आजोबांनी त्याच्यावर काठीसुद्धा उगारली होती. गाडी उचलायला काय लागतं हो, गाडीवाल्याला समजावणं म्हणजे डोक्याला ताप! म्हणून आवाज चढवायचा नाही आणि माणूस आपणहून बाजूला झाल्याशिवाय हुक लावायचा नाही, असा नियमच त्याने करून ठेवला होता.

शिवाय या बाईची हकिगत त्याला सकाळीच कळली होती. बिल्डिंगचा मालक राहायचा लांब. भाडेकरूंशी त्याचं जे काही बोलणं व्हायचं ते वॉचमनमार्फत. पण आज वैतागून त्याने स्वतः फोन केला होता. बाईचा नवरा कामासाठी म्हणून बाहेर गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. गाडी त्याची. तो परत आला आणि गाडी जागेवर दिसली नाही, तर आपण घर सोडलं असं समजून माघारी फिरेल, हे बाईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "भाडं चोख देते हो," मालक खोकत खोकत म्हणाला होता, "पण भलती चिवट. गाडी तसूभर हलू देत नाही."

ऐकून क्रेनवाल्याला वाईट वाटलं होतं. पण पोटासाठी करावं लागतं माणसाला.

"वॉचमनचं ऐकणार नाही आणि तुमचंही नाही," बाई म्हणाली. "मालक स्वतः सांगतील तेव्हाच ही गाडी हलेल. तोवर इथंच."

क्रेनवाल्याचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना!

"अहो ताई, मालकांनीच सांगितलंय. सकाळी त्यांचाच फोन आला मला."

हे वाक्य त्याचं ठेवणीतलं. मालकांचा फोन म्हटलं की भलेभले नरम पडायचे. पण कुणी असं एकदम पांढरंफटक पडलेलं त्याने पाहिलं नव्हतं. बाईने आधारासाठी बॉनेटवर हात टेकला.

"मालकांचा फोन? तुम्हाला?"

"मग! खोटं कशाला बोलू?"

"आवाज कसा होता?"

घाबरली बिचारी, त्याला वाटलं. मालक चिडलाय का, आता घरही खाली करायला लावतो का, याचा अंदाज घेत असणार. एकटी बाई, पदरात मुलगी. जायचं म्हटलं तर जाणार कुठे?

"आवाज जरा बसलेला होता. खोकला झालाय. पण रागावलेले नव्हते हां, अजिबात नाही."

"खोकला पहिल्यापासूनच आहे," ती पुटपुटली. "काय म्हणाले? शब्द न् शब्द सांगा."

"म्हणाले, ती निळी गाडी काढा आता, जागा मोकळी करा. रविवारी मी येतोय. मला माझी नवी गाडी लावायचीय तिथं."

"येतायत? रविवारी?"

"हो. आणि आता इथंच राहणार म्हणे. कायमचे."

बाई पुढे झुकली. "नंबर असेल ना तुमच्याकडे?"

"आहे. पण कुणाला द्यायचा नाही असं बजावलंय त्यांनी. माझी पंचाईत नका करू, ताई. रविवारी समोरासमोर बोला की."

"बरं, बरं. नका देऊ." मग फार हळू आवाजात तिने विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

क्रेनवाला अडखळला. 'चिवट' हा शब्द अगदी जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. रोज लोकांचे शिव्याशाप घेतो आपण, एकदा कुणाला बरं वाटेल असं बोललो तर काय बिघडलं?

"म्हणाले, मोठी धीराची आहे. एकटीने सगळं निभावलं."

बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली. रडतारडता आपणहून बाजूला झाली. खिशातली किल्ली काढून तिने त्याच्या हातात ठेवली.

"न्या. आता कशाला अडवू?"

क्रेनवाल्याने हुक लावला. निळी गाडी कुरकुरत पुढून वर उचलली गेली. बाई तिथंच उभी होती, डोळे पुसत, आणि नवल म्हणजे चक्क हसत.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली.

गाडी नेताना आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. क्रेनवाल्याला आतून बरं वाटलं. न भांडता, न ओरडता काम झालं होतं. तो चढून बसला आणि क्रेन हळूहळू फाटकाकडे न्यायला लागला.

मागे बाई जिन्याच्या तोंडाशी धावत गेली होती आणि मान वर करून जीव तोडून हाका मारत होती.

"अगं, खाली ये लवकर! तुझ्या बाबांचा फोन आला होता!"