मेतोदीची मेणबत्ती

"तीन," एवदोकिया म्हणाली. "मी, सून आणि मेतोदी."

ल्युपचोने पेन उचललं, पण लिहिलं नाही. जनगणनेचा कागद घेऊन तो सकाळीच तिच्या घरी जाऊन आला होता. तिथे फक्त सून भेटली, सासूची सही राहिली, म्हणून तिला गाठायला तो चर्चमध्ये आला होता.

मेतोदी हा एवदोकियाचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी इटलीला बांधकामावर गेला. पहिली दोन वर्षं फोन आले, मग तेही थांबले. वर्षाच्या वर बाहेर असलेला माणूस मोजणीत धरायचा नाही, असं ल्युपचो चाचरत सांगू लागला.

"नियम गेला खड्ड्यात," ती म्हणाली.

नियमाने मोजायचं तर गावात उरलं होतं कोण? तिच्या आजेसासऱ्यांनी घर न बदलता तुर्की, सर्ब आणि बल्गेरियन असे तीन अंमल पाहिले. दर वेळी सरहद्द सरकली, नवा साहेब येऊन डोकी मोजून गेला, आणि दर वेळी गाव भरलेलंच होतं. आता सरहद्द जागची हलत नव्हती, माणसंच निघून गेली होती. जिवंतांच्या मेणबत्त्या वरच्या तबकात लावायच्या आणि मेलेल्यांच्या खाली वाळूत, ही इथली रीत. त्या सकाळी वर चाळीसएक मेणबत्त्या तेवत होत्या आणि चर्चमध्ये माणसं होती सहा. त्या चाळिसांतली एक मेतोदीची. अकरा वर्षांत एवदोकियाने एकही रविवार चुकवला नव्हता.

ल्युपचो घुटमळला. शाळेत तो मेतोदीच्याच बाकावर बसायचा. शेवटी त्याने कागद तिच्यापुढे धरला. सुनेच्या, ब्लागाच्या, नावापुढे 'विधवा' असं लिहिलं होतं.

एवदोकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात राहून, माझ्या चुलीवरचं खाऊन, ही बया असलं लिहून देते?

तेवढ्यात ब्लागाच आत आली. सासू एव्हाना घरी निघाली असेल, असं तिला वाटलं असावं. इकडेतिकडे न बघता ती सरळ खाली वाकली आणि तिने वाळूत मेणबत्ती रोवली. हात सरावलेला होता.

"कोणाची ही?" एवदोकियाने मागून विचारलं.

ब्लागा दचकली. पण तिने लपवलं नाही.

"त्यांची. चार वर्षं लावतेय, आई. तुम्ही गेलात की मी येते. रोज दाराकडे डोळे लावून बसणं मला नाही झेपत."

फाडफाड बोलावं असं एवदोकियाच्या मनात होतं, पण तिचं लक्ष वाळूतल्या त्या मेणबत्तीकडे गेलं. चार वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोघी एकेकट्या रडत होत्या, आणि सकाळी उठून पावाबद्दल, लाकडांबद्दल बोलत होत्या. वाट बघून आपणही थकलो आहोत, हे तिला तेव्हाच कळलं.

"दोन लिही," ती ल्युपचोला म्हणाली.

मग तिने वरच्या तबकातून मेतोदीची मेणबत्ती काढली, ज्योतीला तळव्याचा आडोसा केला, गुडघ्यांना शिव्या देत वाकली आणि ती ब्लागाच्या मेणबत्तीशेजारी रोवली.

ब्लागाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने सासूचं मनगट घट्ट धरलं.

"ती कशाला खाली आणलीत, आई? तुम्ही वर लावत होतात, म्हणून तर मला खाली लावता येत होती."