पाण्यातलं बाक

"बाक सार्वजनिक मालमत्ता आहे," आवकसाहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "ते उचलून समुद्रात ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

टेबलामागच्या बारीक केसांच्या मुलीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. किनाऱ्यावरच्या कलामहोत्सवातला हा खेळ तिचाच. गावातली कुठली वस्तू उचलून कुठे ठेवावी, ते लोकांनी बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत टाकायची. तिने त्यातल्या सात निवडल्या आणि वस्तू खरोखरच हलवल्या. टपालपेटी धक्क्याच्या टोकाला गेली. बाजारातला वजनकाटा वाळूत आला आणि भली मोठी माणसं त्यावर उभी राहून खिदळू लागली. आणि आवकसाहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं हिरवं बाक घोटाभर पाण्यात जाऊन बसलं.

आवकसाहेब बसले नाहीत. बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली होती, नाव तिथूनच चिकटलेलं. कागद आधी मागून बघायचा, मग पुढून, मगच त्याचं काय ते करायचं, ही तिथलीच खोड. वाया गेलेला खर्डा फेकणं त्यांच्या जिवावर येई. पट्टी धरून ते त्याचे चार तुकडे करत आणि स्वयंपाकघरातल्या तारेला अडकवत. बायकोची वाणसामानाची यादी अजूनही त्याच तुकड्यांच्या पाठीवर होत असे.

ते बाकही तिथे आलं होतं ते त्यांच्याच अर्जामुळे. चांगले तीन खर्डे करून मग पक्का केलेला अर्ज.

बायकोचा गुडघा दोन वर्षांपूर्वी गेला. घरापासून बाकापर्यंत बेचाळीस पावलं. रोज संध्याकाळी ते तिला हाताला धरून नेत, डाव्या बाजूला बसवत आणि स्वतः उजवीकडे बसत. ती समोर पाणी बघायची. कधी म्हणायची, "खाली वाळूत जाऊन येऊ या का?" ते म्हणायचे, उद्या बघू. डॉक्टर तिला थोडं चालायला सांगत होते, पण डॉक्टरांचं काय जातंय? उतारावर पाय घसरला तर निस्तरायचं कुणी?

आणि आता तेवढाही विसावा या लोकांनी उचलून नेला, तोही कलेच्या नावाखाली. आवकसाहेबांचं डोकं तडकलं होतं ते यासाठी. स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

चार दिवस ते वणवण करत होते. नगरपालिकेने महोत्सव समितीकडे बोट दाखवलं, समितीने बंदराकडे, बंदराने पुन्हा नगरपालिकेकडे. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "जाऊ द्या हो, आठवडाभराचा तर खेळ." बिचारीला तक्रारसुद्धा करता येत नाही, या विचाराने त्यांना भडभडून आलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनेच विचारायला सुरुवात केली, आज कुठली कचेरी, किती वेळ लागेल. निघताना डब्यात दोन पोळ्या जास्त देऊ लागली. तिने एवढं मनावर घेतलेलं पाहून त्यांना हुरूप आला. काल संध्याकाळी परतले तर तिच्या चपला खिडकीत उपड्या, ओल्याचिंब. मोरीत चपला घालून जाऊ नकोस म्हणून त्यांनी तिला चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले.

"काका, बाक आजच परत नेते," मुलगी म्हणाली.

आवकसाहेब क्षणभर गडबडले. पुढची चार वाक्यं त्यांनी तयार ठेवली होती.

"पण खेळाचा एक नियम आहे," ती म्हणाली. "ज्याला वस्तू परत हवी, त्याने आधी तिची चिठ्ठी ऐकायची आणि मग स्वतःच्या हाताने फाडायची."

"फाडतो की," आवकसाहेब म्हणाले. "आणा इकडे."

मुलीने पेटीत हात घालून एक घडी केलेला कपटा काढला, स्वतःच्या चेहऱ्यासमोर उघडला आणि वाचला. "'गल्लीजवळचं हिरवं बाक पाण्यात ठेवा. फार आत नको, पाय भिजतील इतकंच. रोज त्याच्यावर बसून पाणी बघते, पण ते पायाला लागत नाही.'"

वजनकाट्यापाशी कुणीतरी मोठ्याने हसलं. मुलगी हसली नाही. तिने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली.

"सातांत ही मी सगळ्यात आधी निवडली," ती म्हणाली.

"हौस बघा," आवकसाहेब म्हणाले. "एकीला पाय भिजवायचेत म्हणून माझ्या आजारी बायकोने घरात कोंडून घ्यायचं? एवढं पाणी हवं होतं तर हात धरून घेऊन जाणारं हिच्या घरात कुणी नाही का?"

मुलीने चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवली.

आवकसाहेबांनी दोन्ही हातांच्या चिमटीत घडी धरली. कागद टर्रकन फाटायचा, तेवढ्यात एकतीस वर्षांची खोड आडवी आली. त्यांनी चष्मा सारखा केला, घडी उघडली आणि आधी पाठ बघितली.

कडा पट्टी धरून फाडलेल्या होत्या. मधे त्यांच्याच वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या: 'माझ्या पत्नीस याहून पुढे जाण्याची इच्छा नसल्याने सदर बाक याच ठिकाणी'