पात्यावरचा ठसा

गिऱ्हाइकाने दहा सुऱ्या सांगितल्या होत्या. पहिलीच माझ्या जिवाला घोर लावून बसली.

दोन जातींचं पोलाद एकावर एक ठेवून तापवायचं, ठोकायचं, पिळायचं. पातं घासून ॲसिडात बुडवलं की नक्षी वर येते. या वेळी अंगठ्याचा ठसा वर आला. मधोमध तिरका व्रण होता, माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणापासून आहे तसाच.

मी पातं घासून कोरं केलं आणि पुन्हा बुडवलं. ठसा आला, आधीपेक्षा ठळक.

"छान दिसतंय की," बायको म्हणाली. "अहो, गिऱ्हाईक येतच असेल."

"त्याला उद्या यायला सांगतो," म्हणत मी फोनवर अंगठा टेकवला. फोन उघडेना. हात पुसून पाहिलं, तरी नाही. मग अंगठा उजेडात धरला. तो गुळगुळीत होता. व्रणसुद्धा नव्हता.

"दिवसभर घासत बसता, झिजणारच!" ती हसली आणि गंमत म्हणून तिने पातं फोनवर टेकवलं.

फोन उघडला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "पहिली झाली ना?" बाहेरून गिऱ्हाइकाने विचारलं. "मग आता बाकीच्या नऊ घ्या करायला."