पंचवीस कोंबड्यांची जागा

दहा बाय दहा. पंचवीस कोंबड्या.

आसराबाई गुडघ्यांवर बसून परसातली जमीन हातानं मोजत होती. कोपर टेकवायचं, मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करायची, त्या खुणेवर पुन्हा कोपर. तिचा थोरला भाऊ रायभान मागून राखेची रेघ ओढत येत होता. घराच्या भिंतीपासून मागच्या बोराटीच्या कुंपणापर्यंत दहा हात भरले. आडवेही दहाच.

हिशेब ग्रामसेवकानं सांगितलेला होता. एका कोंबडीला दोन हात लांब, दोन हात रुंद. खुराडं आणि फिरायची जागा मिळून. सरकार पंचवीस पांढऱ्या कोंबड्या देणार होतं. पंचवीस मावत असतील तरच. चोवीस मावल्या तर एकही नाही. उद्या सकाळी तो जागा बघायला येणार होता.

अंड्यांवर आसराबाई वेगळी चूल मांडणार होती. नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती भावाच्या घरी जेवत होती. वाढणाऱ्या हाताकडं न बघता जेवायला ती शिकली होती.

आठ बाय दहा. वीस.

कडब्याची गंजी कुठं रचायची, हे रायभानला आत्ता आठवलं. आजवर गंजी घरापुढं असायची. यंदा ती मागं लागणार होती.

"मी न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "दोनच हात सोड."

त्यानं पायानं राख पुसली आणि रेघ आत घेतली. सरकारनं कोंबडीला जेवढी जागा लिहून दिली तेवढी माणसालासुद्धा भेटत नाही, असं म्हणून तो एकटाच हसला.

आठ बाय सहा. बारा.

त्याची बायको गोपिकाबाई मागच्या दारात उभी होती. धुण्याचा दगड सासूबाईंनी मांडलेला, तो हलवायचा नाही, असं तिचं म्हणणं पडलं. सासूबाई म्हणजे आसराबाईची आई. आसराबाई म्हणाली, दगड मी एकटी उचलते. गोपिकाबाई म्हणाली, दगडाचं काही नाही हो, पण धुण्याचं पाणी कुठं जाईल? कोंबड्यांच्या पायात ओल बराबर नाही. मुकी जात, मरून जाईल.

चार हात गेले.

चार बाय सहा. सहा.

उकिरडा. त्यावर कुणी बोललंही नाही. रायभाननं रेघ ओढली आणि राखेचं घमेलं खाली ठेवलं.

आसराबाई उरलेल्या चौकोनात उभी राहिली. "सहा कोंबड्या सरकार देत न्हाई, दादा."

"मंग घरच्या देशी पाळ. मी कधी न्हाई म्हणलो?"

खरं होतं. सकाळपासून कुणी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

दहा बाय दहा. पुन्हा पंचवीस.

रायभाननं बिडी पेटवली आणि उकिडवा बसला. सोमवारी अंबडला जायचंय, म्हणाला. तहसीलला. बाप वारल्यावर तलाठ्यानं कुंपणापलीकडच्या वावरावर दोघांची नावं लावली होती, भावाचं आणि बहिणीचं. आता हक्कसोडीच्या कागदावर आसराबाईचा अंगठा पाहिजे होता. मागं दोनदा ठरलं होतं, दोन्ही वेळा तिला ताप भरला होता. सगळ्याच बहिणी सोडतात, रायभान म्हणाला. बहिणीचं माहेर राहतं, भावाचं वावर राहतं. गोपिकाबाईनं आतून लुगडं आणून दाखवलं. हिरवं. काठ तुमच्या आवडीचा, रुंद.

आसराबाईनं लुगड्याला हात लावला नाही.

"आन् उकिरडा?" तिनं विचारलं.

"उचलून टाकू. जल्दीच टाकू."

"कडब्याची गंजी?"

"पुढं हायच की जागा."

"आन् पाणी, वैनी?"

गोपिकाबाई हसली. "तुमी बी ना आसराबाई. चर खंदला की झालं."

रायभान उठलाच. आतल्या रेघा त्यानं दोन्ही पायांनी पुसून काढल्या. इतक्या उत्साहानं तो सकाळपासून हलला नव्हता. घमेलं उचलून भिंतीपाशी येऊन उभा राहिला.

"घे, पुन्हा मोज," तो म्हणाला. "तुझ्याच हातानं मोज. पाहिजे तेवढं घे."

आसराबाईनं पदर खोचला आणि भिंतीपाशी गुडघे टेकले. एक. दोन. तीन. रायभानची रेघ मागं सरळ येत होती. सात. आठ. गोपिकाबाई लुगड्याची घडी घालत होती. नऊ. दहा.

बोटांचं टोक बोराटीला लागलं. तिनं काट्यांची एक फांदी दोन्ही हातांनी ओढून बाजूला टाकला, वाकून पलीकडं गेली आणि ढेकळांत कोपर टेकवलं.

"अकरा."

राख पडायची थांबली.

"आसरे," रायभान म्हणाला, "पुढं वावर हाय."

"व्हय," ती म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "बारा."