तिसरी तार

धोंडिबाने हात वर केला आणि अख्खा ऑर्केस्ट्रा थांबला. सहदेवच्या बास गिटारची तिसरी तार तेवढी घुमत राहिली.

"परत तीच तार," धोंडिबा म्हणाला. "अरे, एक वाजवताना बाकीच्या तीन गप्प ठेवायच्या, हे मला तू शिकवलंस. आता मी तुला शिकवू?"

खरं होतं ते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सहदेवइतका स्वच्छ बास कोणाचा नव्हता. उजवा अंगठा वरच्या तारेवर टेकलेला, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर अलगद आडवी पडलेली. दाबायची नाहीत, नुसती ठेवायची. सूर जिथे संपायचा तिथेच संपायचा, मागे भुणभुण नाही. "वाजवता कोणालाही येतं, तार गप्प करायला शिका," असं तो नव्या पोरांना ऐकवायचा आणि पोरं पाठीमागे त्याची नक्कल करायची.

आणि आता सहा महिने त्याचीच तार सुटत होती. तीही फक्त मालनच्या गाण्यांत. बाकी वेळी बास चोख, पण मालन माईकपाशी आली की तिसरी तार जी घुमायला लागायची ती गाणं संपेपर्यंत. धोंडिबाने शेवटी स्पंजचा तुकडा कापून स्वतःच्या हाताने तारांखाली खोचला. मालनचं गाणं आलं तसा सहदेवने तो उपसून खिशात टाकला.

मालन ही सहदेवची बायको. तिला ऑर्केस्ट्रात त्यानेच आणलेलं. आता पोस्टरवर तिचं नाव ठळक छापलं जायचं आणि त्याचं नावही नसायचं. मग लोक काय, बोलायला मोकळे. बायको पुढे गेली, याच्या पोटात दुखतंय, असं सगळ्या पार्टीने ठरवून टाकलं. लोकांचं एक सोडा, पण मालनलाही तसंच वाटायला लागलं.

विठ्ठलवाडीच्या खोलीत तिने एकदा त्याला समोर बसवलं. "माझं गाणं डोळ्यांत खुपतं का तुमच्या?"

"नाही."

"मग तारेवर हात का ठेवत नाही?"

वागळे इस्टेटच्या कारखान्यात पहिली पाळी होती, ती गाठायला सहदेव डबा घेऊन निघून गेला. मालनने जे समजायचं ते समजून घेतलं. त्याच आठवड्यात ती धोंडिबाला म्हणाली, "दुसरा बासवाला बघा. मी आहे म्हणून यांची भीड धरू नका."

ठाण्याहून नवा बासवाला आला. सहदेव तालमीच्या हॉलबाहेर त्याची वाट बघत उभा राहिला. आयुष्यात कोणापुढे हात न जोडलेला हा माणूस त्या परक्या पोरापुढे अजिजीने म्हणाला, "मालनच्या गाण्यात तिसरी तार मोकळी सोड. फक्त तिच्याच गाण्यात." पोरगा हुशार. आपल्याला पहिल्याच कार्यक्रमात पाडायचा हा डाव, हे त्याने बरोबर ओळखलं आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मालन हसली नाही. तिला लाज वाटली.

कार्यक्रम नवरात्रात, डोंबिवलीच्या मैदानावर होता. सहदेव शेवटच्या खुर्च्यांमागे उभा होता. आजच्यापुरतं निभू दे, एवढंच तो मनाशी म्हणत होता.

मालनने चपला विंगेत काढल्या, स्टेजच्या फळ्यांना हात लावून नमस्कार केला आणि माईकपाशी आली. पहिली ओळ सुरात लागली. टाळ्या पडल्या. नव्या पोराचा बास इतका स्वच्छ, की धोंडिबाने कीबोर्डवरून मान डोलावली. मग मधलं म्युझिक झालं आणि मालनने अंतरा उचलला तो चक्क एक सूर वर. धोंडिबाने तिचा सा दाबून धरला, आवाज वाढवला. मालनने त्याच्याकडे बघितलं, हसली आणि तशीच गात राहिली. ड्रम थांबला. गिटार थांबली. सगळे थांबले तरी ती एकटी अर्धी ओळ गात होती. मग मैदानातून शिट्ट्या सुरू झाल्या.

सहदेव स्टेजमागे पोचला तेव्हा ती पडद्याआड लोखंडी खुर्चीवर बसली होती. डोळे कोरडे होते. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याच्या तोंडाकडे टक लावून ती बोलली, जरा जास्तच मोठ्याने.

"माझी सगळी गाणी एका पट्टीत. तुमची तिसरी तार म्हणजे माझा सा. फळ्यांतून तिची थरथर पायांना लागायची, आज पायाखाली काही लागलंच नाही हो. तुम्ही मुद्दाम सोडायचात ती?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माझ्या कानांचं तुम्हाला कळलं कधी?"

"कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचो, त्या तू माझ्या तोंडाकडे बघून मोजायला लागलीस तेव्हा."

तिने पदर तोंडावर दाबला. किती नावं ठेवली या माणसाला. सगळ्यांच्या जोडीला आपणही ठेवली.

"मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

सहदेवला तिच्याकडे बघवेना. त्याने मान खाली घातली.

"तू गाणं सोडलं असतंस."

"काय?" मालनने विचारलं.