नुसतं नाव

गुरुवारी पापा जुना फोन घेऊन लियानाच्या शेजारी बसले. "लिया, तू बनवलेल्या इस्पितळाच्या वेबसाइटवर डॉक्टरांची वेळ मागितली, तर म्हणते, तुमचा ब्राउझर चालणार नाही. ब्राउझरचं नुसतं नाव विचारलं आणि दारातूनच हाकललं! तरुणपणी इंडोनेशियात माझं चिनी नाव ऐकून सेमारांगच्या कचेऱ्या असंच करायच्या. काम येतं का, कुणी विचारायचंच नाही." ते हसले. तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "पापा, फोन जुना झालाय, फेकून द्या." दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात रांगेला उभे राहिले आणि रांगेतच त्यांचा जीव गेला. ते गेल्यावर सातव्या दिवशी तिने वेबसाइटवरची ब्राउझरच्या नावाची अट काढली. त्याच फोनवर वेळ लगेच मिळाली. उदबत्ती लावून ती पापांच्या फोटोसमोर उभी राहिली. "पापा, फोन चांगला होता. नावाऐवजी त्याला काय येतं हे तपासणारा कोड लिहायला अर्धा दिवस लागला असता. मी कंटाळा केला."