तिसऱ्या बेसची माती

बेसबॉलच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला लोकांना मैदानात फिरू दिलं, तेव्हा म्हातारी डोरिस काठी टेकत थेट तिसऱ्या बेसपाशी आली. मैदान राखणारा व्हर्जिल तिथे दाताळ्याने माती सारखी करत होता. जुन्या मैदानावर त्यानेच, कुणाला कळू न देता, तिला नवऱ्याची राख तिथल्या तिसऱ्या बेसच्या मातीत मिसळू दिली होती.

"क्लाइडला आणलंस ना रे इकडे?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे काय! दोन घमेली माती मी स्वतः उचलून आणली." व्हर्जिलची नजर दाताळ्यावरून हलली नाही.

"देव तुझं भलं करो. लेकीने दफनभूमीत माझ्या आईशेजारी जागा धरून ठेवलीय. आजच तिला सांगते, सोडून दे म्हणून. माझीही राख इथेच टाक, त्याच्याजवळ. टाकशील ना?"

"टाकीन."

तिने त्याचा हात दाबला. "निघते. गाडी उन्हात आहे. जुन्या मैदानावर पार्किंगसाठी काय झकास डांबर घातलंय रे!"

व्हर्जिलला मान वर करवेना. तिथे बुलडोझर फिरला, त्या दिवशी त्याला क्लाइड आठवलाही नव्हता.